गाठोडं थोरल्याच्या दारात

तेसेसाहेबाला रामराम घालायची रीत ठाऊक नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. सकाळच्या पारी दारणेच्या घाटावर मी शिळेवर चादर आपटतेय, पाणी अंगावर उडतंय, आणि हा उंच, वाळका, उन्हानं तांबडा झालेला फ्रेंच माणूस चिखलातून बूट तुडवत येतो. ना हात जोडणं, ना हसणं. बगलेतला सदरा काढतो, कॉलर दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर वाकवतो आणि म्हणतो, "खराब."

आमच्या भाषेतला तेवढा एकच शब्द त्यानं कमावला होता, आणि तो सगळा माझ्यावर खर्च करायचा.

कॉलर खराब नव्हती. माझ्या हातच्या खळीला नाशिकच्या वकिलांनी कधी नाव ठेवलं नव्हतं. पण ह्याला कॉलर पुठ्ठ्यासारखी उभी हवी आणि मानेला लोण्यासारखी लागायला हवी. दोन्ही एका कापडात कसं व्हायचं ते त्यानं सांगावं.

"अरुळ," मी त्याच्यामागं उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला म्हटलं, "ह्याला सांग, कॉलर त्याच्या मानेपेक्षा सरळ आहे."

अरुळनं फ्रेंचात काहीतरी सांगितलं. माझ्या बोलण्यातलं निम्मं गाळलं असणार, कारण साहेब चिडला नाही. सदरा शिळेवर टाकला आणि आला तसा निघून गेला.

आमचे मालक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. ते म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक आहे म्हणून सदरा अंगावर टाकायचा? आईनं हेच शिकवलं का ह्याला?"

मालकांनी पुढची चादर पिळायला घेतली. आमच्या घरात बोलणं माझ्याकडं होतं आणि ओझी उचलणं त्यांच्याकडं. दोघांचंही बरं चाललं होतं.

ते साल मोठ्या लढाईचं. देवळालीत इंग्रजांची छावणी आधीपासूनच होती. नदीच्या आमच्या अंगाला मात्र नव्या पत्र्याच्या बराकी पडल्या, त्यांत हे फ्रेंच येऊन राहिले. कपडे धुवायचं काम आमच्याकडं आलं. अरुळ पाँडिचेरीचा, त्यांच्या मुदपाकखान्यात होता. बायको भगूरची केलेली, म्हणून त्याला मराठी यायचं, निदान येतं असं त्याला वाटायचं. त्याच्याकडून कळलं ते असं, की ह्यांचा देश जर्मनांनी घेतला. कोणी चीनच्या बाजूच्या त्यांच्या मुलखातून डोंगर ओलांडून पळून आले, कोणी आफ्रिकेतून, कोणी मुंबईत बोटीवरून उतरले ते परत चढलेच नाहीत. सगळ्यांना परत जाऊन लढायचं होतं. अंगात दम होता, पण बंदुका इंग्रजांकडं. आणि इंग्रज म्हणाले, आधी तुमचा सेनापती एक ठरवा, मग बंदुका.

तेवढंच त्यांना जमत नव्हतं.

एक होता जनरल फोंतन. पिकलेला, पांढऱ्या मिशांचा. मी रस्त्यात दिसले तरी टोपी उचलायचा. माझ्यासारखीला टोपी उचलणारा साहेब मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. हुद्दा त्याचा मोठा, बाहीवर सोनेरी तारे. पण जर्मनांशी ज्यानं तह केला त्या त्यांच्या घरच्या सरकारचं हा पहिली दोन वर्षं ऐकत राहिला होता, मग त्याचं मन फिरलं. दुसरा हा तेसे, हुद्द्यानं कर्नल. तो पहिल्याच उन्हाळ्यात त्या सरकारला सोडून लढायला पळाला. त्याच्याच सरकारनं त्याला पाठीमागं फाशी ठोठावली होती. तरुण पोरं सगळी त्याच्यामागं. छातीवर दोन आडव्या रेघांचा क्रूस लावून फिरायची. ही म्हणायची, म्हातारा दोन वर्षं घरात बसला, आता हुकूम सोडायला आला. जनरलची माणसं म्हणायची, तेसेला सेनापती केलं कोणी, त्याचं त्यानंच ना?

आमच्याकडं ह्याला भाऊबंदकी म्हणतात. आमचे भाऊबंद निदान घराच्या वाटणीवरून तरी भांडतात. ह्यांचं घर चोरांनी नेलेलं, आणि हे भांडत होते ते चोरांच्या मागं पुढं कोणी धावायचं ह्यावरून.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच घडलं. आम्ही परीट कपड्याला बिब्ब्याची खूण घालतो, कॉलरच्या आतून. ती पाण्यानं जात नाही, सोड्यानं जात नाही. एका घराला एक खूण. बाप, मुलगे, सुना, सगळ्यांची तीच. आणि धुतलेलं गाठोडं घरातल्या थोरल्याच्या दारात ठेवायचं. तो सोडतो, ज्याचं त्याला देतो. कोणाच्या घरी थोरला कोण हे परिटाला पक्कं ठाऊक असतं. म्हातारा मेला की पुढच्या खेपेला गाठोडं ज्याच्या दारात पडतं, तो थोरला.

फ्रेंचांना मी कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची खूण दिली. सगळ्या छावणीला एकच. पहिल्या खेपेला मालकांनी अरुळला विचारलं, "इथं थोरला कोण?" अरुळनं कपाळावर हात मारला आणि मुदपाकखान्यात शिरला. मालकांनी पिकल्या केसांकडं बघून गाठोडं जनरलच्या दारात ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेसेचे लोक मालकांना दमात घेऊन गेले. पुढच्या खेपेला त्यांनी तेसेच्या दारात ठेवलं, तर जनरलच्या चष्मेवाल्या कप्तानानं सगळ्यांदेखत ते लाथेनं उडवलं.

मग मी ठरवून टाकलं, एक आठवडा ह्याच्या दारात आणि एक त्याच्या. तुमचं ठरेल तेव्हा सांगा. त्यानंतर गाठोडं पोचायच्या वेळेला दोन्ही बाजूंची माणसं बराकीबाहेर येऊन उभी राहायची. मालक ओझं घेऊन निघाले की एका बाजूनं शिट्ट्या आणि दुसऱ्या बाजूनं शिव्या. मालक म्हणायचे, "माझ्या लग्नाच्या वरातीला एवढी माणसं नव्हती." आम्ही दोघं हसायचो. हसण्यासारखंच होतं तोवर.

एकदा तेसे घाटावर आला, आणि त्या दिवशी त्याच्या बगलेत सदरा नव्हता. ओल्या वाळूत काठीनं त्यानं तो दोन आडव्या रेघांचा क्रूस काढला आणि बोट दाखवलं. अरुळ म्हणाला, "साहेब बोलतो, अक्का, आमच्या माणसांच्या कपड्याला ही खूण पाहिजे. म्हाताऱ्याच्या माणसांची वेगळी राहू दे."

मी ओंजळभर पाणी टाकून ती खूण पुसली.

"त्याला सांग, एका घराला एकच खूण. वेगळी खूण मी वेगळ्या चुलीला देते. तुमची चूल वेगळी झाली का? झाली असेल तर तसं सांगा. मी घालते खूण, मग तुम्ही खुशाल दोन घरं म्हणवून घ्या."

हे अरुळनं सगळं सांगितलं असावं, कारण बराच वेळ लागला. तेसे पुसलेल्या वाळूकडं बघत राहिला. मला वाटलं आता खराब म्हणणार. म्हणाला नाही. गेला.

थंडी पडली तेव्हा बातमी आली की इंग्रजांचा मेजर येतोय. कवायत होणार, आणि त्या दिवशी पुढं उभा राहून जो सलामी घेईल तोच सेनापती, त्याच्या नावावर बंदुका सुटणार. आठवडाभर छावणीत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. त्याच आठवड्यात जनरलचा पांढरा कोट आमच्याकडं आला. पेटीतून काढलेला, घडीवर पिवळे डाग पडलेले, कधी आमच्याकडं न आलेला. बाह्यांवर जरीचे तारे टाचलेले होते.

जरीकाम सोड्यात घातलं तर काळं पडतं. नाशिकच्या बँडवाल्यांचे कोट मी धुते तेव्हा आधी जरीची पट्टी उसवते, कोट धुऊन इस्त्री करते आणि मग ती परत टाचून देते. तसंच केलं. तारे उसवून सुयादोऱ्याच्या डब्यात ठेवले. भट्टी देऊन डाग घालवले, नीळ दिली, कोट असा झाला की हात लावायला भीती वाटावी. इस्त्री झाली, दोरीवर टांगला, आता तारे टाचायचे एवढंच उरलं. आणि शेजारच्या घरून निरोप आला की पोर अडलीय. मी हातातली सुई ठेवून धावले.

मालक आले. कोट टांगलेला दिसला, इस्त्री झालेली दिसली. त्यांनी सगळ्या कपड्यांबरोबर तो बांधला आणि गाठोडं घेऊन छावणीत गेले. त्या आठवड्याचं दार तेसेचं होतं.

पोर सुटली, मुलगी झाली. मी दिवेलागणीला परत आले तर दारात शिपाई. घर सगळं विस्कटलेलं. चष्मेवाल्या कप्तानाच्या हातात माझा सुयादोऱ्याचा डबा होता आणि डब्यात तारे. अरुळ त्याच्याशेजारी मान खाली घालून उभा होता.

"कप्तान विचारतो, तारे इथं कशाला?"

मी सांगितलं, जसं आत्ता सांगितलं तसंच. जरीकाम, सोडा, बँडवाले, सगळं.

"कप्तान बोलतो, उसवायचं काम शिंप्याचं. परीट का करेल?"

"कारण परिटाला अक्कल असते म्हणून."

अरुळनं हे बहुतेक सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. कप्तानाचं आधीच ठरलेलं होतं. जनरलचा कोट तेसेच्या दारात सापडला, त्यावर तारे नाहीत, आणि तारे परिटाच्या घरात. म्हणजे तेसेनं परिटाला पैसे चारले. उद्या जनरल इंग्रजांपुढं उभा राहील तो बिनताऱ्यांचा, कारकुनासारखा.

"आमचे मालक कुठं आहेत?"

"कोठडीत घातलं, अक्का. उद्या कवायत झाली की इंग्रज पोलिसांकडं देणार."

बेचाळीसच्या दंग्याला जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या गल्लीतला शाळामास्तर टेलिफोनच्या तारा तोडल्याच्या संशयावरून नेला होता, त्याची बायको अजून दर सोमवारी स्टेशनावर जाऊन बसायची. लष्कराच्या वर्दीचा माल चोरला म्हणून एकदा माणूस गोऱ्यांच्या हातात गेला की मग मी कोणाच्या दारात जाऊन बसणार होते? आणि मालक कसले, त्यांना कोणी मोठ्यानं नाव विचारलं तरी ते आधी माझ्याकडं बघायचे.

मी तशीच अरुळच्या मागं छावणीत गेले. पहिल्यांदा जनरलच्या दारात. टोपी उचलणारा माणूस, माझं ऐकेल असं वाटलं. कप्तानानं बाहेरूनच परतवलं, साहेब विश्रांती घेतोय म्हणाला. आत दिवा होता आणि दिव्यासमोर सावली येरझाऱ्या घालत होती.

मग तेसेच्या दारात गेले. तो स्टुलावर बसून स्वतःचे बूट स्वतः पुसत होता. उठला नाही, बस म्हणाला नाही. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "तुम्हाला देश नाही, घर नाही, आणि ऐट बघा. तुमच्या भांडणात माझा माणूस कशाला? तुम्ही दोघं मिळून एक थोरला ठरवला असता तर आज हे घडलं असतं का?"

अरुळ थांबत थांबत सांगत होता. तेसे बूट पुसत होता. मग त्यानं एकच गोष्ट विचारली.

"साहेब विचारतो, तारे तसेच धुतले असते तर काय झालं असतं?"

"काळे पडले असते."

त्यानं मान हलवली, बूट खाली ठेवला आणि काहीतरी तुटक बोलला.

"घरी जा बोलतो, अक्का."

बस. बघतो म्हणाला नाही, घाबरू नको म्हणाला नाही, घोटभर पाणी विचारलं नाही. परतताना वाटेनं मी त्याला जे जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अरुळनं मात्र सगळं ऐकलं, आणि त्यातले काही शब्द त्याला नवे होते.

सकाळी छावणीकडून बिगुल ऐकू आलं. मी घाटावर बसून राहिले. लग्न होऊन आल्यापासून घाटावर बसून हात कोरडे ठेवले ते त्या दिवशी. भट्टी पेटवली नाही. बायका येऊन विचारून गेल्या, कोणाला काही बोलले नाही. माझं तोंड बंद बघून त्या जास्त घाबरल्या.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा काठावरून मालक येताना दिसले. चालत, एकटे, हातात पावाचा अर्धा तुकडा.

"सोडलं," ते म्हणाले.

"कोणी?"

"काय माहीत. मैदानावर सगळे फ्रेंचात मोठमोठ्यानं बोलत होते. मग एका शिपायानं दार उघडलं, पाव दिला, जा म्हणाला." त्यांनी तुकडा माझ्यापुढं धरला. "निम्मा तुला ठेवलाय. त्यांचा पाव बरा असतो."

मी तो पाव खाल्ला. रडू येत होतं म्हणून खाल्ला, तोंडात काही असलं की रडता येत नाही.

मला शंकाच नव्हती की हे जनरलचं काम. मिशांचा देवमाणूस, रात्री ऐकलं नाही, पण सकाळी त्याला दया आली. मी आंघोळ केली, ठेवणीतलं लुगडं नेसले, नारळ घेतला आणि अरुळला पुढं घालून जनरलच्या दारात गेले. तो बाहेर आला. तोच कोट अंगात होता. तारे कोणा शिपायानं टाचलेले, डावीकडचे तिरके. माझे हात शिवशिवले. मी नारळ पायाशी ठेवला आणि वाकून नमस्कार केला. म्हटलं, "साहेब, माझं कुंकू तुम्ही राखलंत. तुमच्या लेकराबाळांचं चांगलं होईल."

अरुळनं सांगितलं. म्हातारा नारळाकडं बघत राहिला. उचलला नाही. त्या दिवशी त्यानं टोपीही उचलली नाही. हळू काहीतरी बोलला आणि आत गेला.

"काय म्हणाला?"

अरुळ इकडंतिकडं बघत होता. "साहेब बोलतो, अक्का, गाठोडं चुकीच्या दारात ठेवलं."

मला काही उमगेना. अरुळनं नारळ उचलला आणि मला मुदपाकखान्यात नेलं. तिथं कांदे चिरत चिरत त्यानं सांगितलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही.

कवायत उभी राहिली होती. मेजरच्या हातात कागद, सेनापतीचं नाव घालायचं बाकी. जास्त माणसं तेसेची होती, ती त्याच्याच नावानं ओरडणार होती आणि मेजरलाही तो पसंत होता. तेवढ्यात चष्मेवाला कप्तान पुढं झाला आणि परिटाची गोष्ट काढली. परिटाला हजर करा, त्याला पोलिसांत द्या, कोणाच्या सांगण्यावरून केलं ते पोलीस काढतील. तेव्हा तेसे ओळीतून बाहेर आला आणि मेजरपुढं उभा राहिला.

"त्यानं सांगितलं, अक्का, परिटाला मी हुकूम दिला. कोट माझ्या दारात आण, तारे काढून टाक. साहेबाचा हुकूम, तो गरीब काय करणार? त्याला सोडा."

"हे खोटं आहे," मी म्हटलं. "तारे मी उसवले. कोणाच्या हुकमानं नाही."

"माहीत आहे. मेजरनं विचारलं, कर्नल, काय बोलताय ते कळतंय का? तेसेसाहेब बोलला, कळतंय. मग मेजरनं कागदावर जनरलचं नाव लिहिलं."

पुढचं तो खाली बघूनच सांगत होता. तेसेची पोरं चवताळली. कोणी छातीवरचा क्रूस उपटला, कोणी चालता झाला. तेसे त्यांच्यावर असा ओरडला की सगळे जागच्या जागी उभे राहिले. मग तो स्वतः ओळीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला आणि जनरलला त्यानं पहिली सलामी ठोकली.

"आणि म्हाताऱ्याला खरं ठाऊक होतं?"

"कोट त्यानं हातात घेऊन बघितला, अक्का. निळीचा वास, कडक इस्त्री. चोर कोट इस्त्री करून देतो काय?"

"मग बोलला का नाही?"

"सेनापती व्हायचं होतं." अरुळनं सुरी खाली ठेवली. "मी तेसेसाहेबाला विचारलं, खरं का नाही सांगितलं. तो बोलला, मी खरं सांगितलं तर एकही माणूस मानणार नाही. खोटं सांगितलं तर सगळे लगेच मानतील, आणि परीट जेवायच्या वेळेला घरी जाईल. आणि बोलला, त्या बाईनं विचारलं होतं ना, चूल वेगळी झाली का. नाही झाली, तिला सांग."

मी उठले. म्हटलं, मी जाते मेजरकडं, मी सांगते. मालक दाराशी उभे होते, ते कधी आले मला कळलंच नव्हतं. त्यांनी माझा हात धरला. चारचौघांत त्यांनी माझा हात धरलेला तेवढाच.

"तू खरं सांगितलंस तर मी परत आत," ते म्हणाले. "आणि त्याचं सोडलेलं फुकट जाईल."

मी आयुष्यात पुष्कळ वेळा गप्प बसायला हवं होतं तेव्हा बसले नाही. त्या दिवशी बसले, आणि ते सगळ्यात जड गेलं. छावणीत पोरं तेसेच्या मागं त्याला चोर म्हणायची; चोराला त्यांचा शब्द कोणता ते अरुळनं सांगितलं होतं, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला. जिच्यासाठी फाशी ओढवून घेतली त्या फौजेचं सेनापतीपण त्यानं सोडलं ते एका परिटासाठी, आणि त्या परिटाला त्याचं नावही नीट घेता येत नव्हतं. आमचे मालक त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. चार मुलांची लग्नं केली, नातवाच्या वरातीत नाचले, पाय दुखेपर्यंत नाचले. आमच्या घरात जे जे चांगलं झालं त्यात मी त्या वाळक्या माणसाचा वाटा धरत आले. तो पुढं लढाईत राहिला की वाचला, मला कळलं नाही. अरुळलाही नाही.

बंदुका आल्या आणि फौज निघाली. छावणीचं शेवटचं गाठोडं मालकांनी जनरलच्या दारात ठेवलं. आता थोरला तोच होता, रीत ती रीत. पण तेसेचे कपडे मी त्यातून बाजूला काढले होते. त्यांना मी दुसऱ्या तांदळाची खळ केली, दोनदा गाळली, थोडं मेण वितळवून घातलं आणि अर्धवट ओल्यावर इस्त्री फिरवली. मग कॉलरच्या आत तीन रेघांच्या जुन्या खुणेशेजारी बिब्ब्यानं दुसरी खूण घातली. एक ठिपका आणि त्याभोवती कडं. ती सासूबाईंची खूण. आमच्या स्वतःच्या घरच्या कपड्यांची, गिऱ्हाइकाला कधी न दिलेली.

स्टेशनावर गर्दी होती. मी कपडे घेऊन स्वतः गेले. तेसे डब्याच्या दाराशी उभा होता, आजूबाजूला कोणी नाही. मला बघून त्यानं रामराम केला नाही. कपडे घेतले, तिथंच वरचा सदरा उघडला, कॉलर दोन बोटांत धरून वाकवली. मग गालाला लावून बघितली. परत वाकवली. खोट सापडेना म्हणून त्याचा चेहरा पडला, खरंच पडला.

मग त्यानं कॉलर उलटी केली आणि त्याला ती खूण दिसली. त्याच्या भुवया चढल्या. बोट ठेवून माझ्यापुढं सदरा नाचवला आणि फ्रेंचात भरभर बोलायला लागला. अरुळ धावत आला.

"साहेब बोलतो, ही आमची खूण नाही. कोणाच्या घरचे कपडे माझ्यात घातले?"

गाडीनं शिट्टी दिली. मी त्याच्या हातातला सदरा काढून घेतला, घडी नीट केली आणि परत त्याच्या हातात ठेवली. मग त्याच्या तोंडाकडं बघून, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हटलं.

"तेसेसाहेब, तुमचं वागणं वाईट आहे. बोलायची रीत नाही, घरी आलेल्याला पाणी विचारायची रीत नाही, आणि कॉलरच्या बाबतीत तर तुम्हाला वेडच लागलंय. हे सगळं मी तुमच्या आईला भेटले तर तिलाही सांगेन. पण खूण बरोबर आहे. तुम्ही आमच्या घरातले."